पदरचं तिकीट

धवळाईच्या गडाखाली नारळ-खणांची दुकानं बरीच होती, पण कुणी "बाईच्या दुकानात" म्हटलं की ते झुंबरबाईचंच दुकान. बाकीच्या दुकानांतही बायाच बसत. त्यांनी यावरून किती दातओठ खाल्ले असतील ते त्यांनाच ठाऊक. झुंबरबाईचा आवाज पायथ्याशी सुरू झाला की वरच्या पायरीवरची माकडं सावरून बसायची. नवरा लोटन शेजारी नारळ सोलत असे. बोलायचं काम त्यानं लग्नानंतर आठवडाभरातच बायकोच्या हवाली केलं होतं आणि त्याबद्दल त्याची कधी तक्रार नव्हती.

ती मूळची धुळ्याकडची, कापडण्याच्या बाजूची. लग्न होऊन आली तेव्हा सासरी ना शेत ना बैल. चार बल्ल्यांवर टाकलेलं ज्वारीच्या सरमाडाचं छप्पर आणि त्याखाली सासूची हळदी-कुंकवाची ताटली, एवढीच इस्टेट. सासूनं तिला ओटीचं सामान कसं बांधायचं ते शिकवलं, आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं ती स्वतःच शिकली. भांडून वर त्याच गिऱ्हाइकाला माठातलं पाणी पाजायचं, हीही तिचीच पद्धत. त्यामुळे जळगाव-भुसावळपासून धुळ्यापर्यंतच्या बाया गडावर आल्या की आधी तिच्या शिव्या खायच्या आणि मग देवीकडे जायच्या. मुलगा मोठा होऊन धुळ्याला कापडाच्या दुकानात लागला, दोन खोल्यांत राहायला गेला. झुंबरबाई मात्र गड सोडून हलली नाही.

आता गडाची वाट सांगायला हवी, कारण सगळं भांडण त्या वाटेचंच आहे. जळगाव-धुळे रस्त्यावर धवळाई फाटा लागतो. तिथं उतरायचं आणि पुढचे दोन-तीन कोस आत जायचं. वाटेत कपाशीची रानं, मग निंबांची रांग, मग चढ. पूर्वी या वाटेनं डेपोची यष्टी सुटायची. फाट्याजवळच्या चुडामणनं एक जुनी जीप घेतली आणि यष्टीचे दिवस भरले. त्याची रीत साधी होती. यष्टी सुटायच्या आधी जीप काढायची, भाडं तेवढंच ठेवायचं आणि वाटेतली माणसं उचलायची. यष्टी मागून रिकामी धावत राहिली आणि एक दिवस डेपोनं ती बंद केली. तोवर चुडामणच्या मेहुण्या-पुतण्यांच्या मिळून दहा-बारा जीपा झाल्या होत्या. लोक त्याला चुडामण आबा म्हणायला लागले होते.

मग आबांनी आपले दात दाखवले. जायचं भाडं त्यांनी परवडेल असंच ठेवलं, कारण माणूस आधी वर तर न्यायला हवा. यायचं भाडं मात्र सूर्य ठरवायचा. दुपारी एकपट, ऊन कललं की दुप्पट, आणि सावल्या लांबल्या की आबांचे ड्रायव्हर म्हणतील ते. वर ना धर्मशाळा ना दिवा, कडेवर पोरं, माणूस करतो काय? बाहेरची गाडी तर फाट्यावरून पुढे सोडायचीच नाही, असा नियम. जळगावचे दीपचंद शेठ स्वतःची ॲम्बेसेडर घेऊन आले होते. त्यांना बायको सज्जनबाईंसकट खाली उतरवलं आणि जीपमध्ये एका केळीवाल्याच्या मांडीवर बसवून वर पाठवलं. शेठजी त्यानंतर गडाकडे फिरकले नाहीत. शेठजींसारखे कितीतरी फिरकेनासे झाले.

येणाऱ्या बाया कमी झाल्या आणि आल्या त्या खणाला हात लावून परत ठेवायला लागल्या. परतीचं भाडं किती लागेल याचा भरवसा नसला की बाई कुंकवाची पुडीसुद्धा घेत नाही. झुंबरबाईला हे सगळं दिसत होतं आणि ती चुडामणला सात पिढ्यांचा उद्धार ऐकवत होती. पण शिव्यांनी जीपचं चाक थांबत नाही.

एकदा, एक्याण्णव साल असेल, पौषातल्या एका संध्याकाळी पिंप्राळ्याची एक लेकुरवाळी पोराचं जावळ काढून गडावरून खाली आली. बरोबर फक्त म्हातारी सासू. शेवटची जीप उभी होती. ड्रायव्हरनं जो आकडा सांगितला तो ऐकून ती रडायलाच लागली. तेव्हा त्या गृहस्थानं पोराच्या हाताकडे नुसतं बोट दाखवलं. बाईनं गुपचूप पोराच्या मनगटातले चांदीचे वाळे काढून दिले आणि जीपमध्ये चढली. पोराला काय कळतंय? ते आपलं मोकळं मनगट चोखत हसत होतं.

झुंबरबाई नारळाचा कोयता घेऊन जीपमागे धावली. जीप निघून गेली. ती कोयता घेऊन तशीच रस्त्यात उभी राहिली. देवीच्या दारात पोराच्या अंगावरचं काढलं, हे तिला सहनच होईना. रात्री तिनं भाकरी खाल्ली नाही, आणि ती जेवली नाही म्हणून लोटनलाही कुणी वाढलं नाही. सकाळी उठून तिनं कळण्याची भाकर आणि ठेचा फडक्यात बांधला आणि डेपो गाठला.

डेपोचे साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त साहेब होते.

"बाई, गाडी आम्ही हौसेनं बंद केली नाही," ते म्हणाले, "ती रिकामी धावत होती."

"रिकामी धावनी ना? मंग ती रिकामी कोनी कयी, ते इचारं का तुम्ही?"

साहेबांनी ते विचारलं नव्हतं. त्यांनी झुंबरबाईला पुन्हा कधीतरी या असं सांगितलं. पुन्हा कधीतरी येणं हे तिच्या स्वभावात नव्हतं. ती साहेबांच्या खिडकीखालच्या बाकावर बसली आणि पोराच्या वाळ्यांची गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला पहिल्यापासून सांगायला लागली. तिचा आवाज आधी सांगितलाच आहे. खिडकी बंद केली तरी तो आत यायचा, आणि खान्देशात खिडकी बंद करून माणूस किती वेळ बसणार? दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या खेपेला साहेब स्वतःच बाहेर आले.

"पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, तुमच्या आखाजीपर्यंत गाडी सोडतो," ते म्हणाले. "यात्रेचे दिवस आहेत. भरली तर कायम ठेवू. नाही भरली तर आखाजीनंतर बंद, आणि मग या बाकावर तुम्ही दिसायचं नाही."

झुंबरबाई बरं म्हणून उठली. गाडी बंद झाली तर काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. दोन वर्षं दुकान उधारीवर तगलं होतं. आणखी एक यात्रा कोरडी गेली की दुकान मोडायचं आणि धुळ्याला मुलाच्या दोन खोल्यांत जाऊन सुनेच्या घरात तोंड मिटून बसायचं. सून गुणाची होती, त्याबद्दल वाद नव्हता. तोंड मिटून बसायचं, हे मात्र झुंबरबाईच्या जिवावर आलं होतं.

पाडव्याला यष्टी आली. झुंबरबाईनं तिच्या टपावर नारळ फोडता येत नाही म्हणून पुढच्या चाकापाशी फोडला आणि ड्रायव्हरला ओवाळलं. कंडक्टर जीवराम एरंडोलकडचा, सडपातळ, बारीक मिशीचा. तोंडावरची रेषही न हलवता बोलायची त्याला सवय. पहिले पंधरा-वीस दिवस बरे गेले. चुडामणनं लगेच भाडं उतरवलं, जीपा यष्टीच्या पुढे काढल्या. पुरुष माणसं जीपमध्ये बसत. पण बायांना परतीची धास्ती होती, त्या यष्टीसाठी फाट्यावरच्या निंबाखाली थांबत. दुकानावर गर्दी दिसायला लागली. झुंबरबाईच्या शिव्यांत गोडवा आला.

चुडामण बोलून चालून धंद्यातला माणूस. यष्टी अर्धीमुर्धी भरत राहिली तर ती टिकणार, हे त्याला कळलं. आणि आखाजीचा आठवडा तोंडावर आला होता. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासरच्या गावाहून झाडून सगळ्या माहेरी येणार, झोके बांधणार, आणि नवस बोललेल्या असतील त्या आईला घेऊन धवळाईला येणार. हा आठवडा ज्याचा, गड त्याचा. चुडामणनं हिशेब केला आणि फाट्यावर कापडी फलक लावला: "धवळाई मातेच्या भक्तांसाठी मोफत जीप सेवा. सौजन्य, चुडामण आबा मित्रमंडळ." कर्णा लावला, थंडगार पाण्याचे रांजण मांडले, जीपच्या काचांवर देवीचे फोटो चिकटवले आणि त्या फोटोंखाली स्वतःचं नाव रंगवून घेतलं. जायचं फुकट, यायचंही फुकट. आठ दिवस तोटा खायचा, मग यष्टी नसलेला गड जन्मभर खायचा.

यष्टी एका दिवसात ओस पडली. झुंबरबाई दुकान लोटनवर टाकून फाट्यावर जाऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पदरात उन्हासाठी कांदा, आणि घसा फाटेपर्यंत आरोळ्या.

"बहिनीहोन, यष्टीमा बठा! आज फुकट नेस, उद्या हाऊच चुडामन तुमनी कातडी काढी!"

"फुकट सोडीसन पैसा देवाना का व?" बाया हसून म्हणत. "येडी शेस का?"

आणि त्यांचं तरी काय चुकलं? फुकट मिळालेलं सोडा म्हणणारं माणूस वेडंच दिसतं. जीवराम आपली तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन रिकाम्या गाडीत बसून वर यायचा आणि तसाच खाली जायचा. आखाजीच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः गाडी बघायला येणार आहेत, एवढं त्यानं सांगितलं. पुढचं सांगायची गरज नव्हती.

त्या दुपारी झुंबरबाई दुकानात गप्प बसली. ती गप्प आहे हे बघून शेजारच्या दुकानातली बाई दोनदा डोकावून गेली.

लोटननं सोललेला नारळ खाली ठेवला. "चाल मंग," तो म्हणाला, "धुये जाऊत." त्यानं इतकं बोलावं यातच सगळं आलं. झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते कुंकवाच्या हातानंच पुसलं.

तेवढ्यात भागाबाई नावाची एक बाई दुकानाशी आली. पारोळ्याकडच्या खेड्यातली, रोजानं निंदणी-खुरपणीला जाणारी. लेकीची कूस उजवली होती, त्याचा नवस फेडायला आली होती. तिनं चार नारळ हलवून बघितले, एक कानाशी धरला आणि पदराची गाठ सोडायला लागली.

"ले जाय व बहीन, पैसा ऱ्हाऊ दे," झुंबरबाई कंटाळून म्हणाली. "आज बठ्ठंच फुकट शे."

भागाबाईनं चटका बसल्यासारखा नारळ खाली ठेवला. "नवसनं नारय शे, बाई. फुकटनं देवीले कसं पोची? मना पदरनं पोची."

आता यात नवं काहीच नव्हतं. आमच्याकडे हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. नवस आपल्या कमाईनं फेडायचा. दुसऱ्याच्या पैशाचा नारळ फोडला तर नवस त्या दुसऱ्याच्या नावावर जातो. बाया नवसासाठी म्हणून वेगळी मजुरी करतात, ते पैसे घरखर्चात मिसळू देत नाहीत. झुंबरबाईनं जन्मभर असल्या गाठी सुटताना बघितल्या होत्या. तिनं पैसे घ्यायला हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला.

"आनि तू गडवर कसी उनी?" तिनं विचारलं.

"जीपमा बठीसन. फुकट शे म्हने आज."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भागाबाईचा चेहरा आधी उतरला, मग पांढरा पडला. "अवं माय," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. आणि झुंबरबाई हसायला लागली. ती अशी काही हसली की लोटनच्या हातातला नारळ सुटून उताराला लागला आणि शेजारपाजारच्या सगळ्या बाया गोळा झाल्या. भागाबाईला मात्र हसू नव्हतं. ती उठली, खाली जाणाऱ्या रिकाम्या यष्टीत एकटीच बसली, फाट्यावर उतरली आणि पुढच्या फेरीला पदरचं तिकीट काढून पुन्हा गडावर आली. बाईचं डोकं फिरलंय असं जीवरामला वाटलं. ते वाटणं फार वेळ टिकलं नाही.

कारण त्या घटकेपासून झुंबरबाईनं यष्टीचं नावसुद्धा घेणं सोडलं. ती ओटीचं सामान बांधता बांधता फक्त दोन प्रश्न विचारायची. नवस कसला? आणि आलीस कुणाच्या पदरावर? मग आपणच गालावर हात ठेवायची.

"सूनले पोऱ्या व्हवाना नवस शे ना तुना? आनि पदर चुडामनना! मंग पाळना कोना घर हाली व, बाई?"

पाळणा चुडामणच्या घरी हलणार, हे एकदा बायांच्या तोंडी पडल्यावर ते कोण थांबवणार? आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर दुसरं काही बोलेनातच. अमळनेर, पारोळा, एरंडोल, कुठं कुठं ही गोष्ट पोचली. चुडामणच्या घरी आता शंभर पोरं होणार आणि त्याला आणखी दहा जीपा घ्याव्या लागणार, असं म्हणून बाया हसत आणि सकाळी यष्टीच्या रांगेत उभ्या राहत. फलकाखाली जीपा उभ्या, रांजणात पाणी गार, कर्णा ओरडून ओरडून बसलेला, आणि जीपमध्ये चिटपाखरू नाही.

चुडामणला आधी हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्याची झोप उडाली. त्यानं फलक उतरवला. "आठ आना द्या मंग, आठ आना!" तो स्वतः ओरडत सुटला. "आते त झायं?"

"आठ आना मना, नि बाकीनं पुन्य तुनं?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "चांगला व्यापारी शे व हाऊ!"

यष्टीइतकं भाडं घेतो म्हणाला, तर बाया म्हणाल्या, तेवढंच द्यायचं तर यष्टी काय वाईट? शेवटी तो गडावर पुना नावाच्या पुजाऱ्याकडे गेला. असं काही शास्त्रात नसतं, एवढं लोकांना सांग, म्हणून त्यानं गळ घातली. पुनानं डोळे मिटून विचार केला. फुकट आलेल्याचाही नवस पोचतो असं आपण आज सांगितलं, तर उद्या लोक नारळ फुकटचा आणतील आणि परवा दक्षिणाही ठेवणार नाहीत, हे त्याला मिटल्या डोळ्यांनीही स्वच्छ दिसलं. "देवीनी मरजी," तो म्हणाला आणि घंटा वाजवायला उठला.

आखाजीचा आदला दिवस उजाडला. फाट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब आपल्या सरकारी जीपमधून आले आणि यष्टीकडे बघून त्यांचा चष्मा खाली आला. सीटवर तीन-तीन, मध्ये दाटीवाटी, खिडक्यांतून टोपल्या, टोपल्यांतून कोंबड्या. झुंबरबाई दारात उभी राहून आणखी माणसं आत कोंबत होती. तिचा चेहरा उन्हानं आणि आनंदानं लालभडक झाला होता. जीवरामनं दोरी ओढली. ड्रायव्हरनं बटण दाबलं. गाडीनं एक उचकी दिली आणि मुकाट झाली.

पुन्हा दाबलं. पुन्हा उचकी. डेपो काही नवीकोरी गाडी गडावर पाठवत नसतो, आणि या गाडीनं नेमका हाच मुहूर्त धरला. दोन-चार बाप्ये उतरून धक्का द्यायला लागले. पण फाट्याची जागाही किंचित चढाची, आत माणसं मुंगीसारखी आणि त्यातली बहुतेक बाया. गाडी जागची हलेना. आत पोरं रडायला लागली, ऊन पत्र्यावरून खाली टपकत होतं. साहेब घड्याळ बघू लागले.

निंबाखाली चुडामण आपल्या ड्रायव्हरांबरोबर बसला होता. तो सावकाश उठला, झटकून सदरा नीट केला आणि साहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलला.

"साहेब, यष्टीले हाऊ रस्ता झेपत नही. उनमा पोरंसोरं मरतीन. उतरा रे बठ्ठा, जीपा उभ्या शेतस! पुरं भाडं ल्या म्हना, पन चाला!"

साहेबांनी मान डोलावल्यासारखं केलं. एक लेकुरवाळी पायरीवरून खाली उतरली. तिच्या मागून दुसरी. झुंबरबाईनं दार अडवलं, ओरडली, हात जोडले. पण तान्हं पोर उन्हात घेऊन बसा म्हणायला तिचीही जीभ रेटेना. महिनाभराची सगळी झुंज तिच्या डोळ्यांदेखत पायरीवरून उतरत होती.

"चुडामन!"

हाक यष्टीच्या खिडकीतून आली होती. चुडामणनं वर बघितलं आणि त्याचा हात आपोआप डोक्यावरच्या टोपीकडे गेला. खिडकीत त्याची आई होती, ताईबाई. सत्तरी उलटलेली, वाळकी, ताठ. मुलाचं पक्कं घर, दारात जीपा, आणि ही म्हातारी अजून दर हंगामात लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. चुडामण लाजेनं मरायचा. का जातेस, म्हणून विचारलं तर ती सांगायची नाही.

"माय? तू यष्टीमा?" तो म्हणाला. "घरनी जीप सोडीसन?"

ताईबाईनं मांडीवरचं हिरवं लुगडं उचलून दाखवलं. घडी न मोडलेलं, नवं.

"तू तान्हा व्हता," ती म्हणाली. "ताप उतरे ना. डोया पांढरा करी दिन्हा व्हता तू. तवय मी धवळाईले बोलनू, मना आंडोर, मना पोऱ्या जगाड, मी मनी कमाईनं लुगडं तुले नेसाडसु. आते कमाई मनी कोठे व्हती? पहिले सासरानी, मंग तुना बापनी, मंग तुनी. म्हनीसन कापूस येचा मी. आनि तुना जीवना नवस, तुनीच जीपमा बठीसन फेडू?"

चुडामण एवढा मोठा आबा, पण त्या क्षणी आईच्या समोर उभं राहिलेलं पोरच दिसत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला त्याच्याकडे जागा नव्हती.

"आते देखत काय ऱ्हायना?" ताईबाई कडाडली. "मार धक्का!"

आधी कुणी हललं नाही. मग चुडामण यष्टीच्या मागे गेला आणि त्यानं पाठ लावली. आबा धक्का मारतात म्हटल्यावर ड्रायव्हर काय निंबाखाली बसून राहतात? सगळे धावले. ज्यानं पोराचे वाळे काढून घेतले होते तोही धावला. साहेबांनी चष्मा खिशात घातला आणि तेही एका कोपऱ्याला भिडले. झुंबरबाई दारात उभी राहून "जोर लावा रे!" म्हणून अशी गरजली की तिच्या आवाजानंच गाडी हलली असावी, असं लोटन पुढे कित्येक वर्षं सांगत असे. गाडी इंचभर सरकली, मग हातभर, मग एकदम धाडकन इंजिन पेटलं आणि काळ्या धुराचा लोट मागच्या सगळ्या मंडळींच्या तोंडावर गेला.

उतरलेल्या बाया पोरांसकट पुन्हा चढल्या. ड्रायव्हर आता देवीनं सांगितलं तरी गाडी थांबवणार नव्हता. साहेब काळ्या तोंडानं बाजूनं चार पावलं धावले आणि ओरडले, "बाई, गाडी कायम! ऐकलं का, कायम!"

झुंबरबाईनं ऐकलं. तिला रडावं की ओरडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"चुडामन, चढ!" खिडकीतून पुन्हा हाक आली. "तुले देवीना पायवर घालनं शे!"

पोर नवसाचं असेल तर त्याला देवीच्या पायावर घालावंच लागतं, मग ते पोर पन्नाशीचं असो. चुडामण धावत दाराशी आला. झुंबरबाईनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि नारळाच्या पोत्यासारखा त्याला आत ओढून घेतला. तो दोन टोपल्या आणि एक कोंबडी यांच्यामध्ये कसाबसा उभा राहिला. कपाळावर काजळी, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं.

जीवराम गर्दीतून वाट काढत आला. चिमटा टकटक वाजवत त्यानं विचारलं, "तिकीट?"

चुडामणचा हात खिशाकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," ताईबाई म्हणाली आणि पदराची गाठ सोडायला लागली. "त्यानं तिकीट मी काढसु. नवस मना शे."

जीवरामनं एकदा त्या म्हातारीकडे बघितलं, एकदा चुडामण आबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तोंडावरची रेषही हलली नाही.

"पूर्ण देऊ का अर्धं?"

सगळी यष्टी हसली. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत, लेकी, सासवा, पोरं, टोपल्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या. झुंबरबाई तर दांड्याला लटकून हसत होती, आणि हसता हसता तिनं बघितलं की चुडामणही खाली मान घालून हसतो आहे.

"पूर्ण दे," ताईबाई म्हणाली आणि कापसाच्या मजुरीतले पैसे मोजून जीवरामच्या हातावर ठेवले.